आबा दारावर आहेत

आमच्या कॉलेजच्या मुख्य इमारतीत जिन्याखाली एक खोली आहे. पूर्वी तिथे खेळाचं सामान असायचं. लेझमी टांगायचे खिळे अजून भिंतीत आहेत. त्या खोलीत एक काळं रॅक आहे आणि रॅकमध्ये खालून तिसऱ्या जागी आबा राहतात. उंची पावणेदोन इंच, रंग राखाडी, समोर एक हिरवा दिवा. उन्हाळ्यात पंख्याचा आवाज जरा घोगरा होतो. पाहुणे आले की प्राचार्य त्यांना वरची चकचकीत कॉम्प्युटर लॅब दाखवतात. जिन्याखाली कुणी येत नाही. तरी त्या पाहुण्याच्या मोबाइलवर वायफाय लागलं असेल, तर ते आबांनी मान हलवल्यावरच लागलेलं असतं.

आबा हे नाव मी ठेवलं. पहिल्यांदा यंत्र मांडलं तेव्हा त्याने होस्टनेम विचारलं आणि मला वाड्याच्या दिंडीशी बसणारे आजोबा आठवले. येणाऱ्याला ते हात आडवा करून अडवत नसत. विडा गालात सरकवून एवढंच विचारायचे, “कोण? कुणाकडे?” उत्तर पटलं की मान हलायची. जिन्याखालच्या दारवानाला तेच नाव चिकटलं. यंत्र तेव्हापासून तीनदा बदललं. आबा तेच राहिले, कारण आबा म्हणजे त्या यंत्रात राहणारा फ्रीरेडिअस नावाचा प्रोग्राम.

गेल्या ३० जूनला मी निवृत्त झाले. त्याआधीचे तीन महिने चार्ज द्यायच्या तयारीत गेले. स्विच किती, ॲक्सेस पॉइंट किती, कोणत्या मजल्यावर कोणती केबल, याचे कागद होते. आबांशी बोलायचं कसं, याचा मात्र एकही कागद नव्हता. वीस वर्षं ते माझ्या बोटांतच होतं. माझ्या जागी आलेला मुलगा हुशार. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, “मॅडम, हे कॉन्फिगर कशातून करायचं? फायलीतून, का स्क्रीनवरून?” प्रश्न साधा होता. उत्तर द्यायला मला तीन महिने लागले.

आबांचं घराणं अमेरिकेतलं. मिशिगनमधल्या विद्यापीठांचं जाळं सांभाळणारी मेरिट नावाची संस्था आहे. फोन फिरवून जाळ्यात शिरणाऱ्यांची ओळख एकाच ठिकाणी तपासली जावी, ही तिची गरज होती. १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस या कंपनीने त्यावर तोडगा काढला. नाव पडलं ‘रिमोट ऑथेंटिकेशन डायल इन यूजर सर्व्हिस’. आद्याक्षरं जुळवली की रेडिअस, म्हणजे त्रिज्या. पुढे घराण्यात नवी पिढी काढायची ठरली तेव्हा तिचं नाव ठेवलं डायमीटर. व्यास, त्रिज्येच्या दुप्पट. इंजिनिअर मंडळींचे विनोद साधारण याच उंचीचे असतात. व्यास मोबाइल कंपन्यांकडे नोकरीला लागला. त्रिज्या मात्र कॉलेजांच्या, कचेऱ्यांच्या आणि ब्रॉडबँडवाल्यांच्या दारांवर बसून राहिली. आपल्याकडे व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ला मुंबईत इंटरनेट खुलं केलं, तेव्हा मोडेमची ती कर्कश शीळ ऐकण्यासाठी घरातली माणसं फोनभोवती जमत. ती शीळ गेली, फोन फिरवणं गेलं, पण आबांच्या नावातलं ‘डायल इन’ राहिलं. गावातले टांगे संपले तरी टांगा स्टँड राहतो, तसं.

आमचे आबा या घराण्याच्या फ्रीरेडिअस शाखेतले. ॲलन डीकॉक आणि मिकेल व्हॅन स्मूरेनबर्ग यांनी १९९९ साली ही शाखा सुरू केली. दाम काही नाही, आणि आतला कोड कुणीही उघडून पाहावा. आमच्यासारख्या कॉलेजला पहिला मुद्दा आधी पटला. दुसऱ्याचं मोल कळायला मला बरीच वर्षं गेली.

आबांच्या तोंडी शब्द मोजके. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘अजून एक सांग’. प्रोटोकॉलमध्ये या तीन उत्तरांना क्रमांक आहेत: २, ३ आणि ११. विद्यार्थ्याचा मोबाइल आबांशी समोरासमोर कधीच बोलत नाही. तो बोलतो डोक्यावरच्या एपीशी, म्हणजे ॲक्सेस पॉइंटशी. एपी हा निरोप्या. तो निरोप घेऊन १८१२ क्रमांकाच्या पोर्टवर आबांपुढे उभा राहतो. प्रत्येक निरोप्याचा आणि आबांचा एक गुप्त शब्द आधी ठरलेला असतो. हा निरोप्या आपलाच, हे आबा त्या शब्दावरून ओळखतात. मग ‘अजून एक सांग’ सुरू होतं. आमच्या वायफायच्या पद्धतीत अशी देवाणघेवाण आठ-दहा वेळा होते, आणि तरी पोराने जिन्याची पुढची पायरी चढायच्या आत सगळं उरकलेलं असतं.

‘नाही’ म्हणण्याआधी आबा एक सेकंद थांबतात. ही माझी कविकल्पना समजू नका. कॉन्फिगमध्ये ‘रिजेक्ट डिले’ अशी ओळच आहे आणि तिच्यापुढे १ लिहिलेला असतो. एकामागून एक पासवर्ड फेकून पाहणाऱ्याचा हात त्याने मंदावतो, हे त्याचं कारण. मला मात्र तो सेकंद कायम सभ्यपणाचा वाटत आला. दार लावायचंच आहे, पण तोंडावर आपटायचं नाही.

अनोळखी निरोप्याला तर आबा ‘नाही’सुद्धा म्हणत नाहीत. गप्प बसतात. नियमच तसा आहे: ज्याच्याशी गुप्त शब्द ठरलेला नाही, त्याची विनंती निमूट टाकून द्यायची. या गप्प बसण्यापायी माझी एक अख्खी रात्र गेली. ते पुढे येईल.

शेजारच्या १८१३ पोर्टवर आबांची वही असते. कोण आत आला, किती वेळ होता, किती डेटा नेला. एपी ‘आला’ म्हणून कळवतो, जाताना ‘गेला’ म्हणून कळवतो. पण मध्येच वीज जाते, एपी बंद पडतो आणि ‘गेला’चा निरोप येतच नाही. मग वहीत तो मुलगा आतच राहतो. २०१९ साली पदवी घेऊन गेलेली सात मुलं आमच्या वहीप्रमाणे अजून दुसऱ्या मजल्यावर बसलेली आहेत. ही वही कुणाच्या खिजगणतीत नव्हती. २८ एप्रिल २०२२ला सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने नोंदी १८० दिवस जपून ठेवायचे निर्देश काढले, तेव्हा प्राचार्यांनी पहिल्यांदा विचारलं, “आपल्याकडे असं काही असतं का?” म्हटलं, “सर, आबा पहिल्या दिवसापासून लिहितायत.”

तर अशा या माणसाशी बोलायचं कसं?

जुनी रीत म्हणजे चिठ्ठी लिहून ठेवणं. ‘इटीसी’च्या पोटात ‘फ्रीरेडिअस’ नावाचा फोल्डर असतो. त्यात ‘क्लाएंट्स डॉट कॉन्फ’ ही निरोप्यांची यादी. ‘यूजर्स’ ही माणसांची. ‘साइट्स-एनेबल्ड’मध्ये कुणाला कोणत्या क्रमाने काय विचारायचं, याचे नियम. नवा माणूस या फायली उघडतो आणि हादरतो, कारण त्या संपता संपत नाहीत. जरा धीर धरला तर दिसतं की बहुतेक ओळींच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह आहे. ती टिपणं आबा वाचत नाहीत, ती आपल्यासाठी लिहिलेली असतात. पोथीत ओवी एक आणि टीका पानभर असावी, तसा प्रकार. हे का ठेवलंय, हे बदललं तर काय होईल, हे शक्यतो बदलूच नका. नमुन्याला बॉब नावाचे एक गृहस्थही तिथे बसवलेले असतात. त्यांचा पासवर्ड ‘हॅलो’.

चिठ्ठीच्या बाबतीत आबा फार कडक. यूजर्स फायलीत पहिल्या ओळीत नाव आणि अट. खालच्या ओळी टॅब देऊन आत सरकवायच्या, प्रत्येकीच्या शेवटी स्वल्पविराम, आणि शेवटच्या ओळीला मात्र नाही. एवढं चुकलं तरी आबा सकाळी उठायलाच नकार देतात. दुसरं म्हणजे ते वरून खाली वाचतात आणि पहिली जुळणारी नोंद सापडली की थांबतात. ‘फॉल-थ्रू = यस’ असं लिहून दिलं तरच खाली सरकतात. म्हणजे तुम्ही काय लिहिलं याच्याइतकंच, कुठे लिहिलं यालाही महत्त्व.

ते महत्त्व मला एका ऑनलाइन परीक्षेच्या सकाळी कळलं. आदल्या संध्याकाळी मी एक नियम लिहिला होता: वरच्यापैकी कुणाशीच जुळला नाही तर त्याला आत घेऊ नका. ही ओळ यादीच्या तळाशी हवी. घाईत ती माथ्यावर पेस्ट झाली. फाइल तपासायची आज्ञा दिली, तर सगळं बरोबर असल्याचा निर्वाळा मिळाला. व्याकरण खरंच बरोबर होतं. सकाळी साडेनऊला आबांनी तीनशे मुलांना, प्रत्येकी एक सेकंद थांबून, अत्यंत सभ्यपणे ‘नाही’ म्हटलं. गडाचे दरवाजे उघडले नाहीत तेव्हा हिरकणी कडा उतरली म्हणतात. आमच्या मुलांनी मोबाइलचे हॉटस्पॉट लावले. परीक्षा पार पडली, माझं मात्र त्या दिवशी जेवण झालं नाही.

तेव्हा फायलींची बाजू घेऊन बोलणारी मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. फायलीत चूक करायला कुणी अडवत नाही. पण त्या सकाळी चूक सापडली तीही फायलींच्याच रस्त्याने. आबांना बोलतं करायची एक युक्ती आहे. चालू सेवा थांबवायची आणि हाताने ‘फ्रीरेडिअस -एक्स’ असं टाइप करायचं. मग हा अबोल माणूस मनातलं सगळं मोठ्याने बोलायला लागतो. ही फाइल वाचली, ती वाचली, हे मॉड्यूल जागं केलं. शेवटी ‘रेडी टू प्रोसेस रिक्वेस्ट्स’ म्हणून दारावर बसतात. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक निरोपावर पडद्यावर ओळीच ओळी: कुणाकडून आला, कोणती अट तपासली, कितव्या ओळीला जुळला, म्हणून काय ठरवलं. मला दिसलं, ‘मॅच्ड एंट्री डिफॉल्ट ॲट लाइन १’. एक आकडा वाचला आणि पुढचं काम दोन मिनिटांचं होतं.

दुसरी रीत मीच आणली. जूनमध्ये ॲडमिशन झाल्या की सहाशे नवी खाती काढायची. मी चिठ्ठ्या लिहीत बसायची आणि ऑफिसमधल्या ताई दर अर्ध्या तासाने फोन करायच्या, “मॅडम, त्या मुलाच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय.” शेवटी मी माणसांची यादी डेटाबेसमध्ये हलवली आणि तिच्यावर डालोरेडिअस नावाचं एक वेबचं दर्शनी पान बसवलं. ते पीएचपीत लिहिलेलं आहे आणि तेही फुकट. ब्राउझरमध्ये पान उघडायचं, नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा, बटण दाबायचं. कोण किती वेळ जोडलेला होता याचे तक्ते आणि आलेखही निघतात. आम्ही त्याला काउंटर म्हणायला लागलो. ताई काउंटरवर बसल्या आणि माझा जून सुखाचा झाला.

काउंटर चांगला का, हे नीट सांगायला हवं, कारण माझ्या पिढीतले लोक त्याला उगाच नाक मुरडतात. ताईंना स्वल्पविराम माहीत असायची गरज उरली नाही. नियमांच्या फायलींना त्यांचा हात लागायची भीती गेली. आणि ‘रॅडचेक’ नावाचं माणसांचं टेबल आबा दर वेळी नव्याने उघडून पाहतात. ताईंनी दुपारी दोनला खातं बंद केलं, तर दोन वाजून एक मिनिटाने येणाऱ्या त्या मुलाला नकार मिळतो. यूजर्स फायलीत बदल केला तर आबांना हाक मारून ती पुन्हा वाचायला लावावी लागते. रोज बदलणाऱ्या गोष्टीला टेबलासारखी जागा नाही.

मग हॉस्टेलची ती रात्र आली. मुलींच्या हॉस्टेलवर बारा नवे एपी लागले. ठेकेदाराची माणसं संध्याकाळी शिडी घेऊन गेली आणि मी काउंटरवर बसून बारा नोंदी केल्या. प्रत्येकाचा आयपी पत्ता, प्रत्येकाचा गुप्त शब्द. दर वेळी हिरव्या पट्टीत ‘यशस्वीरीत्या जोडलं’ या अर्थाची ओळ. मी घरी गेले. आठ वाजता रेक्टरबाईंचा फोन: “मॅडम, वायफाय येत नाहीये. नुसतं गोल गोल फिरतंय.”

पासवर्ड चुकला असता तर फोनवर तसं आलं असतं. इथे नकार नव्हता, होकार नव्हता. मी परत गेले. काउंटर उघडला, बाराही नोंदी जागच्या जागी. गुप्त शब्द तीनदा ताडून पाहिले. केबल तपासल्या. स्विच बंद करून चालू केला. साडेअकराला जिन्याखाली स्टूल घेऊन बसले आणि आबांना बोलतं केलं. तेवढ्यात गंमत झाली. आबा बंद करून पुन्हा सुरू केले आणि हॉस्टेलचं वायफाय चालू झालं.

चालू झालं म्हणून झोप लागणाऱ्यांतली मी नाही. एक तेरावी खोटी नोंद काउंटरवरून करून पाहिली आणि माझ्या लॅपटॉपवरून त्या पत्त्याने निरोप पाठवला. पडद्यावर ओळ उमटली: ‘इग्नोअरिंग रिक्वेस्ट’, आणि पुढे ‘अननोन क्लाएंट’. टेबलात नोंद आहे, समोर दिसते आहे, आणि आबा म्हणतात, मी याला ओळखत नाही. मग उलगडलं. माणसांचं टेबल आबा दर वेळी पाहतात. निरोप्यांचं टेबल मात्र सकाळी उठल्यावर एकदाच वाचतात. काउंटरने नोंद केली, हे खरं होतं. ती आबांनी वाचली आहे का, हे सांगणं काउंटरच्या कामात बसतच नव्हतं. हिरवी पट्टी टेबलाच्या वतीने बोलत होती आणि मी ती आबांच्या वतीने वाचत होते.

एक सांगते, हा डालोरेडिअसचा दोष मानू नका. निरोप्यांची यादी एकदाच वाचायची ही आबांचीच शिस्त. पण चिठ्ठीने नोंद केली असती तर आबांना उठवणं हा त्या रीतीतला शेवटचा टप्पाच असता. हाताला सवय होती. काउंटरने तो टप्पा दिसेनासा केला होता.

चार्ज देण्याच्या त्या महिन्यांत तिसरी रीतही दारात येऊन गेली. एका कंपनीचे गृहस्थ कोटेशन घेऊन आले. त्यांचं तयार यंत्र: आबा काढून टाका, हे लावा. आत सगळं आहे. कोणता मोबाइल कोणत्या कंपनीचा हे आपोआप ओळखतं, लॅपटॉपवर अँटिव्हायरस आहे का ते पाहूनच आत सोडतं, आणि अडलं तर फोन करायला माणूस आहे. बोलले त्यात खोटं काही नव्हतं. मोठ्या बँकेत किंवा इस्पितळात, जिथे हजार तऱ्हेची उपकरणं जोडली जातात, तिथे असं यंत्र लावण्यात शहाणपणच आहे. सगळा कर्मचारीवर्ग आधीच विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत असेल, तर विंडोज सर्व्हरबरोबर येणारं एनपीएसही चालतं. त्याच्या खिडक्या विंडोजच्या माणसाला परक्या वाटत नाहीत. आमच्याकडे दर वर्षीची एएमसी बसत नव्हती, आणि मुलांच्या मोबाइलवर अँटिव्हायरस शोधायची आमची हौसही नव्हती. प्राचार्यांनी कोटेशन फाइलला लावलं. तिथे बरीच कोटेशनं आहेत.

मुलगा मात्र काउंटरकडे झुकला होता. “मॅडम, सगळंच काउंटरवर का नाही आणत? नियमसुद्धा. मग कुणालाही चालवता येईल.”

मी त्याला जुलै २०२४ची हकीकत सांगितली. त्या महिन्यात संशोधकांनी दाखवून दिलं की, आबा आणि निरोप्या यांच्यामधल्या वाटेवर कुणी बसला, तर तो आबांचं ‘नाही’ बदलून ‘हो’ करू शकतो. उत्तर खरं आहे याची जी खूण आबा लावतात, ती एमडी५ या जुन्या पद्धतीची. तिथेच फट होती. या हल्ल्याचं नाव ब्लास्ट-रेडिअस. आमच्या वायफायची पद्धत ईएपीवर चालते आणि तिच्यात ‘मेसेज-ऑथेंटिकेटर’ नावाची जादा मोहोर सक्तीची असते, त्यामुळे मुलांची लॉगिनं शाबूत होती. पण आम्ही स्विचवर ॲडमिन म्हणून शिरतो ती लॉगिनंही आबाच तपासत, आणि तिथे मोहोर नव्हती. उपाय सोपा होता. आबांची नवी आवृत्ती घालायची आणि क्लाएंट्स डॉट कॉन्फमध्ये प्रत्येक निरोप्याच्या नोंदीत एक ओळ वाढवायची: मोहोर नसेल तर निरोप घेऊ नका.

“मग केलं तुम्ही?”

“केलं. पण आधी काउंटरवर शोधत बसले. आमच्याकडच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता.”

मुलगा गप्प झाला. फॉर्ममध्ये तेवढेच रकाने असतात, जेवढे तो बनवणाऱ्याला सुचले. आबांना कळणारी भाषा त्याहून पुष्कळ मोठी आहे, आणि अडचण रकाने बघून येत नाही. दुसरीकडे हेही खरं, की ती मोठी भाषा ताईंच्या गळ्यात मारायचं काही कारण नाही. त्यांना सहाशे खाती काढायची आहेत आणि पाचला बस आहे.

शेवटी आम्ही दोघांनी बसून वाटणी केली. साधन कोणतं चांगलं, हा प्रश्न बाजूला ठेवला आणि कोणती गोष्ट किती वेळा बदलते ते मांडलं. माणसं रोज बदलतात: ती काउंटरवर, टेबलात, ताईंच्या हाती. निरोपे वर्षातून दोनदा बदलतात आणि नियम दोन वर्षांतून एकदा: ते फायलींत, फक्त मुलाच्या हाती. निरोप्यांचं टेबल रिकामं केलं, सगळ्या नोंदी क्लाएंट्स डॉट कॉन्फमध्ये आणल्या, आणि काउंटरच्या मेन्यूतून ती पाटीच काढून टाकली. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहायची नाही, कारण दोन्हीकडे वेगळं लिहिलं गेलं की खरं कुठलं, ते फक्त आबांना माहीत. सगळा फोल्डर गिटमध्ये घातला. आता प्रत्येक बदलाशेजारी तारीख असते, नाव असतं आणि ‘का’ या शब्दाने सुरू होणारं एक वाक्य असतं. आबांचं एक जुळं जुन्या डेस्कटॉपवर बसवलं. नवी चिठ्ठी आधी त्याच्यापुढे वाचायची.

मग मुलाला शिकवायला बसले. पहिला आठवडा आम्ही काहीही बदललं नाही. जुळ्यावर बॉबसाहेबांच्या नोंदीपुढचा हॅश काढला आणि ‘रॅडटेस्ट’ने दार ठोठावलं. बॉब, हॅलो, हो. पासवर्ड चुकवला: एक सेकंद, नाही. गुप्त शब्द चुकवला. यादीबाहेरच्या पत्त्यावरून ठोठावलं: शांतता. प्रत्येक वेळी शेजारच्या पडद्यावर आबा काय बडबडतायत ते मुलाने मोठ्याने वाचायचं आणि मराठीत सांगायचं. तिसऱ्या दिवशी तो वैतागला. “मॅडम, हे सगळं वाचायचं? तीनशे ओळी आहेत.” म्हटलं, “मी वाचते. तू चहा सांग.” चहा येईपर्यंत खुर्ची ओढून तोच वाचत बसला होता. दहाव्या दिवशी त्याने माझी आठ वर्षांपूर्वीची एक निरर्थक ओळ शोधून काढली आणि ‘का’ लिहून पुसून टाकली. मला राग यायला हवा होता. मी चहावाल्या मामांना अजून दोन चहा सांगितले.

कुणी मला विचारलं की अशा कामाला कोणतं साधन घ्यावं, तर माझं उत्तर आता ठरलेलं आहे. ज्याला रोज काम करायचंय त्याला काउंटर द्या, आणि त्याला काउंटरच पुरेल असं बघा. पण ज्याच्या हाती किल्ल्या आहेत त्याने आधी दारवानाची भाषा शिकावी, मग हवं ते साधन वापरावं. भाषा येत असेल तर कोणतंही साधन चालतं. येत नसेल तर हिरव्या पट्टीवर विसंबून घरी जावं लागतं, आणि आठ वाजता फोन येतो.

३० जूनला पाच वाजता मी चार्जच्या कागदावर सही केली. मुलाने काउंटर उघडला आणि माझ्यासमोरच माझं खातं बंद केलं. नियमच आहे, मीच लिहिलेला. गेटपाशी आल्यावर राहवलं नाही. फोन काढला, कॉलेजचं वायफाय निवडलं, पासवर्ड टाकला.

एक सेकंद लागला.